डाव्या पायडलचे आटे

आमच्या शेडमध्ये बेसिनच्या वर एक भिंत आहे, तिला सगळे गाढवांची भिंत म्हणतात. ज्याने जो भाग बिघडवला, त्याने तो स्वतःच्या हाताने त्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि खाली पांढऱ्या रंगाने आपलं नाव लिहायचं. नियम क्लेम हॉस्किनचा. एकोणीस वर्षांपूर्वी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलरू गावात, जुन्या चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने टाकून दिलेल्या सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली, तेव्हाच पहिला खिळा ठोकला. रेक्सचं नाव तिथे पाच वेळा आहे. रेक्स आमचा निवृत्त पोस्टमन. माणूस लाखातला, पण हातात पाना आला की त्याच्या अंगात येतं. माझं नाव दोनदा होतं. क्लेमचं एकदाही नव्हतं, आणि हे तो दर बुधवारी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहायचा नाही.

मी ग्लेनिस. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड फटकळ. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून शेडवर आले. काय येतं, असं क्लेमने विचारलं. मी म्हटलं, ओरडता येतं. तो म्हणाला, चालेल, ते इथे कुणालाच धड जमत नाही. तेव्हापासून मी त्याची 'बसवाली'.

त्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हातात एक पायडल ठेवलं आणि डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं त्यात, बसव म्हणाला. स्वतः डाव्या हातात चहाचा मग धरून समोर बसला. तो डावखुरा, शेडमधला एकटाच डावखुरा. पाने टांगायची फळीसुद्धा त्याने टेबलाच्या डाव्या बाजूला ठोकलेली, आम्ही बाकीचे एकोणीस वर्षं वाकडे होऊन पाने काढतोय. मी आपली ते पायडल फिरवत बसले. बसेना. जोर लावायला पाना उचलला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि थांब म्हणाला. त्याने मला मुद्दाम उजवं पायडल दिलं होतं. नव्या माणसाला तो हेच करायचा, चेहऱ्यावरची रेष न हलवता. मग त्याचं व्याख्यान सुरू व्हायचं. उजव्या पायडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे, कारण दोन्हीकडे सरळच असते तर पाय मारता मारता डावं सैल होऊन रस्त्यात गळून पडलं असतं. पायडलच्या टोकावर अक्षर कोरलेलं असतं, एल म्हणजे डावं, आर म्हणजे उजवं, ते वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. बसवताना दोन्ही पायडलं पुढच्या चाकाकडे फिरवायची, काढताना दोन्ही मागच्या चाकाकडे. एवढं लक्षात ठेव, बाकीचं मी शिकवतो, असं म्हणून तो व्याख्यान संपवायचा. हे मी त्याच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

गेल्या एप्रिलमध्ये क्लेम सकाळी सायकलवरून जेटीवर खेकडे धरायला गेला आणि दुपारी पायी घरी आला. बादलीत खेकडे होते, सायकल नव्हती. कुठे ठेवली ते त्याला सांगता येईना. आम्ही सगळं गाव पालथं घातलं, ती काही मिळाली नाही. चोरीला गेली, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, कारण मला तेच हवं होतं. मग त्याने डल्सीला, म्हणजे त्याच्या बायकोला, एकाच सकाळी तीनदा विचारलं की आज वार कोणता. मग डॉक्टर झाले. गाडीचा परवाना गेला.

ऑक्टोबरमध्ये डल्सी माझ्याकडे आली. ही बाई कधी कुणाच्या दारात काही मागायला गेलेली नाही. खुर्चीच्या टोकाशी बसली आणि म्हणाली की तो सायकल सायकल करतोय, रोज बूट घालून दारात उभा राहतो. गाडीला परवाना लागतो, सायकलला लागत नाही, त्यामुळे डॉक्टरही हात वर करून मोकळा झालाय. आणि महिन्याभरात कापणी सुरू होईल, मग बंदराकडे धान्याचे ट्रक दिवसभर, एकामागून एक.

"माझं तो ऐकत नाही, ग्लेनिस," ती म्हणाली. "शेडमधलं त्याला पटतं. त्याला घेऊन एक सायकल तयार कर. त्याचे हात बघ. हात ठीक असतील तर जाऊ दे त्याला जेटीवर, मी अडवणार नाही. पण नसतील तर ती सायकल त्याला देऊ नकोस. मी तुझ्यावर सोडते."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. क्लेमचे हात बघणारी मी कोण? मला पाना धरायला त्याने शिकवलं. आणि मनातून मी आधीच ठरवून टाकलं होतं की तो पास होणार.

सायकल मी कचरा डेपोतून आलेल्या ढिगातून निवडली. तपकिरी रंगाची, खालच्या दांडीची, म्हणजे चढताना पाय फार उचलायला नको. क्लेमने ती बघून नाक मुरडलं. ही बाईची सायकल आहे, म्हणाला. मी म्हटलं, मग बाईसारखी नीट चालव. त्यावर तो असा हसला की रेक्सने आतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, काय झालंय या माणसाला? काही झालेलं नाही.

आणि त्या सकाळी त्याने जे काम केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. सायकल स्टँडला टांगली, चेनवर पोलादी पट्टी धरली आणि पिना मोजल्या. पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती रेघेच्या चांगली पुढे गेली होती. चेन संपली, म्हणाला. मग मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांवरून नख फिरवलं. दाते एका बाजूला झिजून टोकदार झाले होते. मी मुद्दाम वेंधळेपणा करून विचारलं की नुसती चेन बदलली तर भागेल ना. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, ही दोघं एकमेकांना झिजवत म्हातारी झालीत, एकाला नवं आणून दुसऱ्याला तसंच ठेवलं तर पहिल्याच चढाला चेन दात्यावरून उडेल आणि तू तोंडावर आपटशील. मग त्याने दोन्ही काढून भंगाराच्या पिंपात टाकली.

ब्रेकचे रबर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलले. चाकाचा आस कानाशी धरून फिरवला, आतले छर्रे वाजतायत म्हणाला, आणि खोलून बघितलं तर दोन छर्रे खरंच फुटलेले होते. माझ्या कानाला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. ग्रीस लावताना तो शीळ वाजवत होता. एकदाही त्याने वार विचारला नाही. पाना बघायलासुद्धा मान वळवली नाही, डावा हात फळीवर गेला की हवा तो पाना हातात.

दुपारी पेस्ट्या, म्हणजे बटाटा-मांसाच्या भाजलेल्या करंज्या, खायला बसलो. डल्सीने त्याच्या डब्यात दोन दिल्या होत्या, एक माझ्यासाठी. मी तोंडातला घास तसाच ठेवून बाहेर गेले आणि तिला फोन लावला. म्हटलं, अगं, हा आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेतलास. उद्या जाईल तो जेटीवर.  मग ती थँक्यू म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. मी फोन ठेवला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की आजही आठवलं की शरम वाटते.

जेवणानंतर पायडलं राहिली होती. सायकलवरची मूळची प्लास्टिकची पायडलं फुटलेली, ती मी सकाळीच काढून ठेवली होती. क्लेमने बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा ओढला. त्यात वर्षानुवर्षांची जुनी पायडलं. आधी त्याने पोलादी पिंजऱ्याची, चामडी पट्टेवाली जोडी काढली. तरुणपणी तो सायकलच्या शर्यतीत उतरायचा तेव्हा अशीच वापरायचा. पट्ट्यात बोट घालून थोडा वेळ बसला आणि मग बाजूला ठेवली. म्हणाला, पडताना पाय सुटायला हवा, आता मला तेवढी घाई जमायची नाही. हे तो इतक्या सहज बोलला की मला गलबलून आलं. काट्यांची रुंद जोडी त्याला नको होती, ती नडगी सोलते, म्हणाला. शेवटी त्याला काळ्या रबराची एक जोडी सापडली, रुंद, जड, जुन्या घडणीची. बोटाने फिरवून बघितली. पायडल भणभण फिरत राहिलं तर आतलं ग्रीस वाळलंय समजायचं, ते मऊ फिरून आपसूक थांबलं पाहिजे. ही थांबली. रबराची एक कड झिजलेली होती, पण त्याला ती पसंत पडली. चांगली आहेत, म्हणाला, माझ्यानंतरही टिकतील.

मग त्यातलं एक उचलून तो सायकलच्या डाव्या बाजूला गेला आणि क्रँकला लावलं.

मी टेबलाशी उभी होते. त्याच्या हातातल्या टोकावरचा आर मला तिथूनही दिसला. आणि मी हसले. देवाशपथ, हसले. मला वाटलं, आला गाढव आपल्या जुन्या खेळावर, बघतोय मी पकडते का. म्हणून मीही चेहऱ्यावरची रेष हलवली नाही. त्याने ते बोटाने फिरवलं. बसेना. त्याने फळीवरून लांब पाना काढला. मी म्हटलं, आता थांबेल आणि माझ्याकडे बघून डोळा मारेल. त्याने पान्यावर वजन टाकलं. पाना एकदा सटकून क्रँकवर आपटला, त्याने परत लावला आणि पूर्ण अंगाने दाबला. तेव्हा धातू किंचाळला. ॲल्युमिनियमचा कीस भोकातून वळत वळत बाहेर येऊन त्याच्या बुटावर पडला, आणि तो दाबतच होता.

मी मधे पडायला हवं होतं. त्याने माझं मनगट धरलं होतं तसं मी त्याचं धरायला हवं होतं. मी पोचेपर्यंत आटे गेले होते.

क्लेम थांबला. पाना खाली ठेवला, वाकून क्रँककडे बघितलं, मग पायडलच्या टोकाकडे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं. दोन मिनिटांपूर्वीचं सगळं पुसून गेलं होतं.

"मी," मी म्हटलं.

मग त्याने मला झापलं. असं झापलं की रेक्स दारातूनच परत फिरला. अख्खं व्याख्यान पहिल्यापासून, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरळ आटे, उलटे आटे, एल आणि आर, पुढचं चाक, मागचं चाक. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि मूर्खासारखी मला आशा वाटत होती की ज्याला हे एवढं पाठ आहे, तो गेलेला कसा असेल? पण शेवटी या वेळी तो पुढे बोलला. आवाज खाली आणून, समजावल्यासारखा.

"ग्लेनिस, बाकी काहीही विसरलं तरी चालतं. पण ज्याला डावं-उजवं पायडल कळेनासं झालं, त्याच्या हातात सायकल द्यायची नाही. तो रस्त्यावर स्वतःचा जीव घालवेल."

मी हो म्हटलं.

जा, रंग आण, तो म्हणाला. मी क्रँक उतरवला, भिंतीवर टांगला आणि खाली ब्रशने लिहिलं, ग्लेनिस. माझं तिसरं गाढवपण. क्लेम मागे उभा राहून बघत होता, आता खुशीत होता. त्याने मला चिडवलंसुद्धा, म्हणे बसवालीला स्टिअरिंगशिवाय काही दिलं की हे असं होतं.

संध्याकाळी मी त्याला गाडीने घरी सोडलं. डल्सीने दारातच माझं तोंड बघितलं. तिने बाहेरचे दिवे लावले होते आणि अंगणातल्या शेडचं कुलूप काढून सायकलसाठी जागा करून ठेवली होती. मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, आत ये, चहा टाकलाय. क्लेम आत जाऊन बूट काढत होता आणि आज ग्लेनिसने काय दिवे लावले ते तिला मोठ्याने सांगत होता. ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि हसल्यासारखं करत राहिली. माझ्याकडे तिने एकदाही रागाने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर दर बुधवारी तो यायचा, रेक्स त्याला घेऊन यायचा. तपकिरी सायकल स्टँडला टांगलेली, डावीकडे क्रँक नसलेली. क्रँक यायचाय, मी सांगायचे. अ‍ॅडिलेडहून मागवलाय. तो म्हणायचा, बरं, तोपर्यंत पायडलं तर निवडून ठेवू. आणि डबा ओढायचा. आधी पट्टेवाली जोडी, तिच्यात बोट घालून बसणं. मग काट्यांची, नडगीचं ते वाक्य. मग काळी रबराची. फिरवून बघणं, चांगली आहेत, माझ्यानंतरही टिकतील. तो गेला की मी ती परत डब्यात टाकायचे. सहा बुधवार झाले. सातव्याला मी रेक्सला म्हटलं की मला हे आता सहन होत नाही, तर तो पोस्टमन म्हणाला, मग तू बाहेर जा, मी खोटं बोलतो. गेले नाही.

त्या सातव्या बुधवारी ट्रक सुरू झाले होते. रस्त्यावरून एखादा गेला की शेडचा पत्रा थरथरायचा. क्लेम हात धुवायला बेसिनशी गेला आणि तिथेच थांबला. नळ चालूच होता. मी गेले आणि नळ बंद केला. तो माझा क्रँक खिळ्यावरून काढून उजेडात धरून बघत होता. भोकात बोट घातलं. मग बाहेरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, पाना सटकला होता तिथे.

"हे तू केलेलं नाहीस," तो म्हणाला.

मी क्रँक घ्यायला हात पुढे केला.

"पाना सटकला की ओरखडा हाताच्या बाजूला उठतो. तुझ्या हाताने तो इकडे उठला असता. हा डावखुऱ्याचा आहे." त्याने क्रँक उलटा करून पुन्हा बघितला, जसा कुणाही परक्याचा भाग बघतो तसा, शांतपणे, घाई न करता. "आणि इथे डावखुरा एकच आहे."

ट्रक गेला. पत्रा थरथरला आणि थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही, कुणापासून लपवायचं?

त्याने रंग मागितला. मी दिला. माझं नाव त्याने आधी जुन्या फडक्याने घासून बघितलं, ते निघेना, म्हणून वरून रेघ मारली आणि खाली लिहिलं, क्लेम हॉस्किन. अक्षर थोडं वाकडं आलं. ब्रश धुऊन जागेवर ठेवला. डल्सीला माहीत आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. बरं, म्हणाला.

मग डब्यातून ती काळी जोडी काढून त्याने माझ्या हातात ठेवली. माझ्या सायकलची पायडलं दोन वर्षांपासून कुरकुरत होती, हे त्याला त्या दिवशी आठवत होतं. बसव, म्हणाला. मी सायकल आत आणली. तो बाकावर बसला. मी जुनी काढली, आधी अक्षर वाचलं आणि डावं हातात घेतलं.

"कसं बसवायचं?" त्याने विचारलं.

"दोन्ही पुढच्या चाकाकडे," मी म्हटलं. "काढताना दोन्ही मागच्या."

"हं. एवढं लक्षात ठेव," तो म्हणाला. "आता तुलाच ठेवायचंय."

मी बसवली. घट्ट केली. त्याने उठून दोन्ही हातांनी हलवून बघितली आणि मान डोलावली. संध्याकाळी रेक्सबरोबर जाताना तो तपकिरी सायकलकडे वळलाही नाही.

पुढच्या बुधवारी तो आला, कोट खुंटीला लावला आणि डबा ओढला. पट्टेवाली जोडी काढली, बोट घातलं, ठेवली. काट्यांची काढली, ठेवली. मग तो डबा चिवडत राहिला. तळापर्यंत गेला, पायडलं बाकावर ओतली, एकेक उचलून बघितलं.

"इथे एक चांगली जोडी होती," तो म्हणाला. "काळी, रबराची. कोणी नेली?"

रेक्सने माझ्याकडे बघितलं. माझी सायकल दारातच उभी होती.

"मी," मी म्हटलं.

"चोरटी कुठली," तो म्हणाला आणि हसला. मग चष्मा नीट केला आणि उरलेल्यांत दुसरी जोडी शोधायला लागला.